अनाथोथचे शेत आणि मुळशीची वाडी

(मुळशी येथे हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सभेत हितचिंतकांसमोर केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'उद्याची अनिश्चितता आणि देवावरचा भरवसा'. या विषयावर आपण प्रत्येकाने कितीतरी संदेश ऐकले असतील, आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली आकाशातली पाखरे व रानातली फुले त्यांतल्या बहुतेकांत येऊन गेली असतील. आज मी तिकडे जाणार नाही. मला यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय उघडायचा आहे. त्यात जमिनीच्या खरेदीचा एक व्यवहार आहे, आणि मुळशीत उभे राहून जमिनीचे नाव न घेता उद्याविषयी बोलणे मला तरी जमत नाही.

तुम्ही इकडे येताना पौड ओलांडले आणि ताम्हिणीच्या रस्त्याला लागलात, तेव्हा धरणाचे पाणी पाहिले असेल. किती सुंदर दिसते, असे दोघीतिघी गाडीतून उतरतानाच म्हणाल्या. खरेच सुंदर आहे. पण त्या पाण्याखाली भाताची खाचरे होती. शंभर वर्षांपूर्वी टाटा कंपनीने इथे धरण बांधायला घेतले, ते खाली भिऱ्याला पाणी सोडून मुंबईसाठी वीज तयार करायची म्हणून. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. माणसे तुरुंगात गेली, बायकाही गेल्या. दोन-तीन वर्षे लढा चालला आणि धरण झालेच. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना निदान मोबदल्याच्या यादीत जागा होती. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, त्यांचे नाव त्या यादीत कुठून येणार?

त्या बिननावाच्या माणसांत कातकरी होते. खैराच्या झाडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. खैराची राने सरकारजमा झाली, कात गेला. मग लाकूडकोळसा, मासेमारी, आणि आता वीटभट्टी. महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून नोंदलेल्या तीन जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतली कातकरी आपल्या दाराशी आहे. आपण तिला फार उशिरा पाहिले, इतकेच म्हणते आणि पुढे जाते.

आता यिर्मया. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे. तटाला लागून मातीचे मोर्चे उभे राहिले आहेत. शहरात अन्न संपत आले आहे, आणि संदेष्टा राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. कारण हे शहर शत्रूच्या हाती जाणार असे तो उघड बोलला होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल तिथे येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे.

भावकीतली माणसे कोणती वेळ साधून येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. अनाथोथ यरुशलेमेच्या जवळचेच गाव. म्हणजे ते शेत शत्रूच्या सैन्याच्या ताब्यातल्या मुलखात होते. त्या दिवशी त्या शेताची बाजारभावाने किंमत शून्य होती. आणि यिर्मयाने ते घेतले. सतरा शेकेल रुपे तोलून दिले. खरेदीखत लिहिले, सही केली, साक्षीदार घातले, एक प्रत मोहोर करून बंद, एक उघडी. दोन्ही प्रती बारूखाच्या हाती देऊन सांगितले की त्या मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

पवित्र शास्त्रात चमत्कार पुष्कळ आहेत. पण इतक्या तपशिलाने लिहिलेला दस्तऐवज मला तरी दुसरा आठवत नाही. तोललेले रुपे, साक्षीदार, दोन प्रती, मडके. आपल्याकडे तलाठ्याच्या कार्यालयात ज्याने चार फेऱ्या मारल्या आहेत त्याला हा अध्याय लगेच कळतो.

आता पुढचे मात्र नीट ऐका, कारण संदेशांत ते बहुधा गाळले जाते. खरेदी झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेत गोंधळ आहे. देवाची थोरवी गाऊन झाल्यावर तो शेवटी विचारतो ते असे : प्रभू, मोर्चे तर शहराला भिडले आहेत, तू बोललास तसेच घडते आहे, हे तुला दिसतच आहे, आणि तू मला सांगतोस की रुपे देऊन शेत घे? म्हणजे सही करताना त्याला सगळे उमगले होते असे नाही. आधी आज्ञा पाळली, मग विचारले. देवानेही त्याला शंका घेतल्याबद्दल झिडकारले नाही. या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील, खते लिहिली जातील, साक्षीदार बसतील, एवढे सांगितले. कधी, ते त्या खरेदीखतात नव्हते.

माझे काम वाड्यांवर असते. बारा वर्षे झाली. वाडीवर गेले की मी पहिल्यांदा कागद बघते. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली झोपडी असते. आढ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असते, उंदीर आणि पाऊस यांपासून जपलेली. त्यात रेशनकार्ड, आधार, कोणाच्या तरी लसीकरणाचे कार्ड, आणि कधीकधी एखादी पावती, जिच्यावरची अक्षरे उडून गेलेली असतात. तीच त्या घराची तिजोरी. जातीचा दाखला काढायचा तर अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या आज्याने कामाच्या मागे तीन खोरी बदलली, त्याच्या नातवाने तो कुठून आणायचा? घरकुल मंजूर व्हायचे तर पायाखालची जागा कोणाची ते दाखवावे लागते. जागा वनखात्याची असेल तर २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा, ग्रामसभेत दावा मांडायचा, तिथून उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पण मुळशीतल्या कित्येक वाड्या खासगी मालकांच्या जागेवर आहेत, आणि मालक पुण्या-मुंबईचे. जमिनीला भाव आला की वाडी उठते. कालपर्यंत आजोबांच्या वेळचा शब्द चालत होता. आज तारेचे कुंपण येते.

अशा ठिकाणी जाऊन 'काळजी करू नका, देव पाहील' असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्यांच्या उद्याच्या भाकरीची सोय झालेली आहे, त्यांनी हे वाक्य दुसऱ्यांना सांगताना थोडे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रभूने रोजची भाकर मागायला शिकवले. आपण ती प्रार्थना दर रविवारी म्हणतो आणि मंडळीतून घरी जाऊन भरलेला डबा उघडतो. वाडीवरच्या बाईला त्यातला 'आज' हा शब्द अक्षरशः कळतो. तिला भरवसा शिकवायला मी जात नाही. मी तिच्याकडून काय पाहिले ते सांगते.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. एका वाडीवर एक म्हातारी झोपडीमागे शेवग्याची फांदी लावत होती. खासगी जागा, मालकाने उठा म्हणून दोनदा सांगितलेले. मी म्हटले, "आजी, जागा राहील का नाही ते माहीत नाही, झाड कशाला लावता?" तिने मान वर केली नाही. म्हणाली, "जागा नाय आमची. पोरं तं आमचीच ना?" आणि माती दाबत राहिली.

तिने यिर्मया ऐकलेला नव्हता. ती ख्रिस्ती नाही, आणि तिच्या तोंडी आपली शिकवण कोंबायची नाही हे आपल्या कामात पहिल्यापासून ठरलेले आहे. पण मला बत्तिसावा अध्याय त्या दिवशी जितका समजला तितका त्याआधी कधी समजला नव्हता. उद्या काय होईल ते दोघांनाही माहीत नव्हते. दोघांनी आज अशी एक गोष्ट केली, जिला उद्या असल्याशिवाय काही अर्थ नाही. भरवसा म्हणतात तो मला असाच दिसतो : हातात, कामात. मनात शांत वाटले की नाही, हा पुढचा प्रश्न. यिर्मयाला त्या दिवशी शांत वाटत नव्हते, हे त्याची प्रार्थनाच सांगते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. भरवशाच्या नावाखाली आपल्याकडे बेफिकिरीही चालते, आणि तिची किंमत बहुधा दुसरेच कोणी भरते. रेव्हरंड टिळक आपल्या सर्वांचे लाडके. घरात काय आहे न पाहता देऊन टाकणे हा त्यांचा स्वभाव. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, ते मोठेच पाऊल होते. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना मला दर वेळी वाटते की त्या घरात देवावर विश्वास ठेवणारी दोन माणसे होती, आणि चूल पेटवण्याची जबाबदारी मात्र एकीवरच होती. लक्ष्मीबाईंनी ते हसत लिहिले म्हणून आपण हसत वाचतो. संस्थांच्या बाबतीत हसण्यासारखे नसते. देव देईल म्हणून मुले गोळा करायची, हिशेब ठेवायचा नाही, आणि पैसे आटले की मुलांना परत भट्टीवर पाठवायचे, हे मी पाहिलेले आहे. त्या मुलांना देवाविषयी काय कळले असेल?

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगावला आहे. पंडिता रमाबाईंची मुक्ती आपल्याला नावाने माहीत असते, वर्षातून एकदा सहलही जाते. पण तिथला हिशेब फारसा कोणी पाहत नाही. रमाबाईंना अनिश्चितता पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती कॉलऱ्याने गेले, कडेवर एवढीशी मनोरमा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, ते अमेरिकेतल्या हितचिंतकांच्या आधारावर. त्या हितचिंतकांनी मदतीचे वचन दिले होते दहा वर्षांचे. दहाच वर्षांचे. म्हणजे पैसा कधी थांबेल ते पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

रमाबाईंनी काय केले? केडगावला माळरान घेतले, विहिरी खोदल्या आणि फळझाडे लावली. मदत संपेल तोवर झाडे धरतील आणि सदनाचा खर्च भागवतील, हा हिशेब. हीसुद्धा प्रार्थनाच होती असे मी म्हणेन, फक्त कुदळीने केलेली. आणि मग तो हिशेब मोडायची वेळ आली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात मुली उपाशी मरत होत्या, काहींच्या वाट्याला त्याहून वाईट येत होते. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे शहरात ठेवायची सोय नाही. मग त्या मुली केडगावच्या त्या माळावर गेल्या, तंबूत आणि छपरांखाली राहिल्या, कारण तिथे अजून घर नव्हते. झाडे नवी, दहा वर्षांची मुदत संपत आलेली, आणि तोंडे कितीतरी पटींनी वाढलेली. पण विहिरी होत्या. बागेसाठी खोदलेल्या विहिरींचे पाणी त्या मुली प्यायल्या. मला रमाबाईंच्या आयुष्यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. ज्या उद्यासाठी त्यांनी तयारी केली तो उद्या आलाच नाही, दुसराच आला, आणि तयारी त्याच्याही कामाला आली.

हे सांगताना गोड शेवट करायचा मोह होतो. तो करत नाही. १९२१ साली, इकडे मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी, रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तिच्याच हाती मुक्तीचे काम सोपवायचे असा त्यांचा विचार होता. त्यांनी हाती घेतलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तेव्हा पुरे व्हायचे होते. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुलगी का गेली याचे उत्तर त्यांना मिळाले का, ते मी सांगू शकत नाही. काम पुरे केले, हे सांगू शकते. मुक्ती आजही आहे.

आता आपल्या घरची गोष्ट, ज्यासाठी मी इतका वेळ घेतला.

दिवाळी झाली. भट्ट्या लागल्या. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला कुटुंबेच्या कुटुंबे गेली. ती आता मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर परततील. मुले बरोबर गेली की शाळा गेली. म्हणून आपण भट्टीच्या हंगामात मुलांना इथे ठेवून घेतो, हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्याच पैशांवर ते चालते. या वर्षी एक अडचण आहे. ज्या मोठ्या देणगीवर निम्मा खर्च भागत होता, तिची ठरलेली मुदत येत्या मार्चअखेर संपते. त्यांनी वचन पाळले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण एप्रिल आणि मे हे दोन महिने उघडे आहेत.

समितीत दोन बाजू झाल्या. खजिनदारांचे म्हणणे, दहा मुले घ्या आणि मे अखेरपर्यंत नीट सांभाळा. मला ते चुकीचे वाटले नाही. आकडे त्यांच्या बाजूने होते. पण दारात तेवीस मुले होती. तेरांना कोणत्या भट्टीवर पाठवायचे ते कोणालाच सांगता येईना. शेवटी तेवीस घेतली. घेताना मात्र तीन गोष्टी केल्या. सरकारी योजनेतल्या हंगामी वसतिगृहाच्या सोयीसाठी शाळेमार्फत अर्ज केला, मुदतीच्या आत. दर महिन्याचा हिशेब फळ्यावर लिहायचा ठरवले, मुलांनाही दिसेल असा. आणि आईबापांना बोलावून खरे सांगितले की आमच्या हातात मार्चपर्यंतचे आहे, पुढचे शोधतो आहोत.

त्यावर एक बाप म्हणाला, "ताई, भट्टीवर तं उद्याचंबी कोण सांगत नाय. तुम्ही मार्चपर्यंत सांगितलं, लई झालं."

त्याचे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. इतक्या थोड्यावर समाधान मानायची सवय माणसाला कोणी लावली, हा विचार डोक्यातून जाईना. त्या रात्री मी जी प्रार्थना केली ती यिर्मयाच्या प्रार्थनेसारखीच होती, तितकी सुंदर नव्हती. प्रभू, मुले तर आत घेतली, आणि तुला दिसतेच आहे की डब्यात काय आहे.

तुमच्यापैकी पुष्कळजण हिंजवडीकडे नोकरीला आहात. तीही मुळशी तालुक्यातच, पण जग वेगळे. गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला प्रार्थनेसाठी सांगितले, कामावरून कमी करतील अशी भीती आहे म्हणून. घराचे हप्ते आहेत, मुलांच्या फी आहेत. वाडीची गोष्ट सांगून तुमची काळजी लहान करायची नाही. तटाला भिडलेला मोर्चा ज्याचा त्याला मोठाच दिसतो. एवढेच विचारते की या काळजीच्या दिवसांत तुम्ही कोणती सही करायची ठेवून दिली आहे? कोणते झाड 'जरा स्थिर होऊ द्या, मग' म्हणून राहिले आहे? एका बहिणीने, नोकरीचे नक्की नसताना, वाडीवरच्या एका मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा पहिला हप्ता भरला. दुसरा कुठून येईल ते तिलाही ठाऊक नाही. मी तिला सांगितले की दुसऱ्याची व्यवस्था आपण मिळून करू. आणि तसे मी आज तुम्हाला सांगते आहे.

यिर्मयाने ते शेत कधी नांगरले नाही. सिद्कीयाच्या अकराव्या वर्षी शहर पडले, आणि पुढे लोकांनी यिर्मयाला मिसरात नेले. त्या मडक्याचे काय झाले ते शास्त्रात नाही. पण एज्रा पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक यादी आहे, बाबेलमधून परत आलेल्यांची. आपण ती नेहमी वगळतो, नावे आणि आकडे म्हणून. तिच्या तेविसाव्या वचनात अनाथोथच्या लोकांची नोंद आहे. एकशे अठ्ठावीस.

आता प्रार्थनेआधी एक विनंती, आणि मग लिलाव सुरू करा. वेदीपुढे तुम्ही हंगामाचे पहिले फळ म्हणून आणलेल्या भाताच्या पाच गोण्या आहेत. भाजी, नारळ, कोंबड्या, सगळ्यांचा लिलाव करा, बोली मोठी लावा. त्या पाच गोण्यांचा करू नका. आंबेमोहोर आहे, भाव चांगला येईल, मला माहीत आहे. पण भात न सडता ठेवले तर टिकते. कडुनिंबाचा पाला घालून आपण ते माळ्यावर ठेवणार आहोत, आणि गोण्यांवर खडूने 'एप्रिल' असे लिहिणार आहोत. वर चढवायला चार तरुण लागतील. सभा संपली की थांबा.